पहिलीच बाइक हजार सीसीची घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की आजवर फक्त बिनगिअरची स्कूटर चालवली आहे, पैशांची सोय झाली आहे आणि मन हजार सीसीच्या, दोनशेच्या आसपास हॉर्सपॉवरच्या स्पोर्ट बाइकवर बसलं आहे. वय तिशीच्या पुढे, स्वभाव शांत, कोणाशी शर्यत लावायची हौस नाही. "रेसची मूठ शेवटी माझ्याच हातात आहे, हळू चालवीन, मग अडचण काय?" असा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर: घेऊ नका. तुम्ही वेड्यासारखी गाडी पळवाल म्हणून हे सांगत नाही. हळू चालवायचा तुमचा इरादा मी शंभर टक्के खरा धरतो. अडचण एवढीच की सुरुवातीचे काही महिने मूठ पूर्णपणे तुमच्या हातात नसतेच.

मोकळ्या मैदानात नवख्यांना शिकवताना मी हे पुन्हा पुन्हा बघतो. क्लच जरा झटक्यात सुटतो. गाडी पुढे उसळते, अंग मागे राहतं. मागे पडणारा माणूस हातात जे असेल ते घट्ट धरतो, आणि उजव्या हातात असते ती रेसची मूठ. कोपर खाली जातं, त्याबरोबर मनगट वळतं, मूठ आणखी पिळली जाते, गाडी आणखी उसळते. यात निर्णय असा कुठेच नसतो, त्यामुळे शांत स्वभावाचा काही उपयोग होत नाही. शांत माणसाचं मनगटही तसंच वळतं. वीस हॉर्सपॉवरच्या गाडीवर यातून एक ओशाळं हसू निघतं, फार तर गाडी बंद पडते किंवा गुडघा खरचटतो. दोनशे हॉर्सपॉवरच्या गाडीवर पुढचं चाक हवेत जातं, नाहीतर समोरची भिंत जवळ येते.

आकड्यांत सांगतो. बंद ते पूर्ण उघडी अशी मूठ फिरायला दोन्ही गाड्यांवर साधारण पाव फेराच लागतो. त्याच पाव फेऱ्यात एकीकडे वीस हॉर्सपॉवर बसवलेत आणि दुसरीकडे दोनशे. म्हणजे मनगट चुकून तेवढंच वळलं तरी परिणाम सारखा नाही. लिटर क्लासची, म्हणजे हजार सीसीची, गाडी साधारण तीन सेकंदांत शून्यावरून १०० च्या वेगावर जाते. दर सेकंदाला ३० किलोमीटरहून जास्त वेग वाढतो. तुम्ही निवांत ४० ने चालला आहात, रस्त्यातल्या उंचवट्यावर हात हिसकला आणि भानावर यायला एक सेकंद गेला, तर तोवर काटा ७० च्या पुढे असेल. आणि हे सगळं पहिल्याच गिअरमध्ये, कारण या गाड्यांचा पहिला गिअर एकटाच शंभरच्या बराच पुढे जातो.

"पण आता इलेक्ट्रॉनिक्स असतं ना" हे विक्रेता तुम्हाला नक्की सांगेल, आणि त्यात तथ्य आहे. गाडी किती कललेली आहे हे सेन्सर सतत मोजतो, त्यानुसार ट्रॅक्शन कंट्रोल मागचं चाक जागच्या जागी गरगरू देत नाही, व्हीली कंट्रोल पुढचं चाक उचलू देत नाही, वळणातही एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) काम करतं. रेन मोडमध्ये मुठीला इंजिन मऊ प्रतिसाद देतं, बऱ्याच गाड्यांत ताकदही कमी होते. हे सगळं उपयोगी आहे आणि एबीएस नसलेली गाडी मी नवशिक्याला कधीच सुचवणार नाही. पण वळणात शिरताना वेग किती असावा हे यातलं काहीही ठरवत नाही. घाबरून तुमची नजर समोरच्या कठड्यावर खिळली तर ती तिथून कोणी काढत नाही, आणि जिकडे नजर तिकडे गाडी जाते. टायरला रस्त्यावर जेवढी पकड आहे, तेवढीच सेन्सरलाही वापरायला मिळते.

आता एक गोष्ट सांगतो जी वरवर माझ्या विरोधात जाते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला. त्याचा अहवाल १९८१ साली आला. जुना आहे, तरी या विषयावर बोलताना अजून त्याचाच दाखला दिला जातो. त्यात अपघाताच्या लगेच आधीचा मध्यक वेग ताशी ४८ किलोमीटर निघाला. म्हणजे निम्म्या अपघातांत गाडी त्याहूनही हळू चालली होती. सुमारे तीन चतुर्थांश अपघातांत दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली होती, आणि त्यात नेहमीचा प्रकार म्हणजे बाइक न दिसल्यामुळे समोरून आडवी वळलेली कार. मग ताकदीचा प्रश्न येतोच कुठे? साध्या गाडीनेही तेवढा वेग मिळतो.

पण त्याच अहवालात हेही आहे की त्या शेवटच्या क्षणी बहुतेकांनी मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवलं, पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही, आणि गाडी चटकन बाजूला वळवून चुकवणं तर जवळपास कोणालाच जमलं नाही. त्यातले ९२ टक्के चालक आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. जीव वाचवतात त्या या दोन गोष्टी, जोरात पण नीट थांबणं आणि झटकन वळवणं. माझा लिटर बाइकवरचा मुख्य आक्षेप इथे येतो. ही दोन कामं शिकायला ती सर्वांत वाईट गाडी आहे.

ब्रेक घ्या. या गाड्यांना पुढे दोन मोठ्या डिस्क असतात, दोन बोटांनी लीव्हर ओढला तरी मागचं चाक हलकं होतं. स्कूटरची सवय असलेला हात चारही बोटांनी झडप घालतो. पहिल्यांदा गाडी नाकावर उभी राहिल्यासारखी वाटली की माणूस पुढच्या ब्रेकला कायमचा बिचकतो आणि मागचाच दाबू लागतो, म्हणजे बरोबर त्या अहवालातली सवय. तेच हलक्या गाडीवर, तुम्ही ३० च्या वेगाने सुरुवात करून हळूहळू ५० पर्यंत चढवत न्याल, टायर कधी ओरडतो, पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) किती दबतो, हे बोटांना कळेल. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, हे सगळ्यांना पाठ असतं. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारला तर ५० वरून थांबायला साधारण १४ मीटर लागतात, १०० वरून ५६, आणि भानावर यायला एक सेकंद धरला तर त्यात अनुक्रमे १४ आणि २८ मीटर आणखी. पाठ असणं वेगळं आणि ते अंतर डोळ्यांना सवयीचं होणं वेगळं. ते होण्यासाठी शेकडो वेळा न घाबरता थांबावं लागतं.

वळवण्याचंही तसंच. चालत्या गाडीला उजवीकडे न्यायचं तर उजवं हँडल पुढे ढकलावं लागतं. ऐकायला उलटं वाटतं, पण थोडा वेग आला की प्रत्येक दुचाकी अशीच कलते. त्यासाठी हात सैल हवेत. स्पोर्ट बाइकवर तुम्ही पुढे वाकून बसता, नवख्याच्या मांड्यांना टाकी दाबून धरायची सवय नसते, त्यामुळे सगळा भार मनगटांवर येतो आणि हात लाकडासारखे ताठ होतात. ताठ हातांनी दोन्ही हँडलं एकाच वेळी ढकलली जातात, मग गाडी कलत नाही. वळण संपत नाही असं वाटतं, माणूस दचकून रेस सोडतो, ब्रेक धरतो, गाडी आणखी सरळ होऊन बाहेर जाते. एकट्या गाडीच्या कितीतरी अपघातांची ही ठरलेली गोष्ट आहे, आणि त्यात वेग गाडीच्या कुवतीच्या निम्माही नसतो.

त्यात भर म्हणजे भीती. मनातून आपण ज्या गाडीला घाबरतो तिच्यावर आपण प्रयोग करत नाही. कायद्याने परवानगी असलेला कुठलाही वेग तुम्हाला दुसऱ्या गिअरमध्येच मिळून जाईल, म्हणजे उरलेले गिअर फक्त नावाला. मूठ पूर्ण उघडून इंजिन शेवटपर्यंत ओढू देण्यात काय असतं, गिअर खाली घेताना रेस कशी जुळवायची, हे तुम्ही वर्षभरात शिकणार नाही, कारण तशी संधीच येणार नाही. पंचवीस हॉर्सपॉवरच्या गाडीवर हे रोज घडतं. मी पाहिलेले जे लोक थेट मोठ्या गाडीवर गेले, त्यातले फार थोडे जोरात आपटले. बहुतेकांच्या गाड्या कव्हरखाली उभ्या आहेत. रहदारीत इंजिनाची ऊब मांड्या भाजते, क्लच जड, पहिला गिअर लांब असल्याने सारखा अर्धा क्लच धरावा लागतो, हँडल फारसं वळत नाही म्हणून यू-टर्नला तीनदा पुढे-मागे. एकदा दोनशे किलोची गाडी उभ्या उभ्या कलली की सावरता येत नाही, आणि तिचं फेअरिंग (बाहेरचं आवरण) बदलायचा खर्च ऐकला की बाहेर काढायची इच्छाच मरते.

तुमचा मित्र थेट लिटर बाइकवर शिकला आणि त्याला काही झालं नाही, असं तुम्ही लिहिलंय. शक्य आहे. ज्यांना काही झालं ते असा सल्ला द्यायला येत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

सीसीबद्दल तुमचा थोडा गोंधळ दिसतो. "मग सहाशेची घेऊ का, ती तर लहान" असं विचारलंय. सीसीवरून काही कळत नाही. रॉयल एनफिल्डची ६५० ची जोडसिलिंडर गाडी साधारण ४७ हॉर्सपॉवर देते, खालच्याच आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) नीट ओढते, वजनाने मात्र दोनशे किलोच्या वर आहे. यामाहाची आर६ त्याहून कमी, ५९९ सीसीची, आणि ताकद १२० च्या आसपास, तीही जवळजवळ सगळी वरच्या आरपीएमला एकदम येणारी. ही आर६ पहिली बाइक म्हणून लिटर बाइकइतकीच चुकीची. बघायचं ते ताकद आणि वजन यांचं प्रमाण, आणि ती ताकद कशी येते ते.

युरोपीय संघाचा ए२ (मधल्या टप्प्याचा) परवाना हेच मोजतो: जास्तीत जास्त ३५ किलोवॉट, म्हणजे ४७ हॉर्सपॉवर, आणि किलोमागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त नाही. ऑस्ट्रेलियात शिकाऊ चालकांना ६६० सीसी आणि टनामागे १५० किलोवॉट अशी दुहेरी मर्यादा आहे. जपानमध्ये ४०० सीसीच्या पुढे वेगळा परवाना लागतो. युरोपात चोविशी ओलांडलेल्याला थेट पूर्ण परवाना मिळू शकतो हे खरं, तुमच्या बाजूचा हा मुद्दा मी लपवत नाही. पण तिथे परीक्षेत ५० च्या वेगावरून आणीबाणीचा ब्रेक आणि अडथळा चुकवणं मोठ्या गाडीवर करून दाखवावं लागतं. त्यासाठी आधी शिकवणी घेतलेली असते.

मी तुमच्या जागी असतो तर पंचवीस ते पंचेचाळीस हॉर्सपॉवरची, सरळ बसता येणारी, एबीएस असलेली वापरलेली गाडी घेतली असती. वापरलेली अशासाठी की ती एकदा तरी पडणार, आणि पडल्यावर जीव तुटू नये. उरलेल्या पैशांतून चांगलं हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट आणि शिकवणी. मग तिन्ही ऋतू तिच्यावर काढा, पावसाळा तर टाळूच नका. पुढे कधी जायचं हे किलोमीटरवर ठरवू नका. पाय न टेकता अरुंद जागेत यू-टर्न होतो का, अचानक थांबताना बोटं आपोआप पुढच्या ब्रेकवर हळू सुरू होऊन घट्ट होतात का, आणि अपेक्षेपेक्षा आवळत गेलेल्या वळणात तुम्ही दचकून ब्रेक न धरता आतलं हँडल आणखी ढकलता का, एवढं बघा. हे जमू लागलं की लिटर बाइक चालवून पाहा, शक्य असेल तर रस्त्याऐवजी ट्रॅकवर. तेव्हा तिची खरी मजाही कळेल. मला त्या गाड्या मनापासून आवडतात, गैरसमज नको.

आणि एवढं सगळं वाचूनही घेणारच असाल, तर निदान चार सिलिंडरच्या सुपरस्पोर्टचा हट्ट सोडा आणि दोन सिलिंडरची नेकेड, म्हणजे फेअरिंग नसलेली, गाडी बघा. सरळ बसणं आणि रुंद हँडल यानेच अर्धी चूक कमी होते. पहिले काही महिने रेन मोड बदलू नका. मूठ धरताना मनगट खाली झुकवून ठेवू नका, ते हाताच्या पाठीशी सरळ रेषेत ठेवा, म्हणजे दचकल्यावर रेस उघडण्याऐवजी बंद होण्याकडे कल राहील. गुडघ्यांनी टाकी दाबून धरा आणि हात सैल ठेवा. कमी वेगात डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असू द्या. गाडी उसळली तर रेस सोडायचा विचार नंतर, आधी क्लच ओढा, इंजिन चाकापासून लगेच तुटतं. थंड टायरवर पहिली काही वळणं अगदी जपून घ्या. आणि वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी जमेपर्यंत मागे कोणालाही बसवू नका.