थायलंडला दहा दिवस जाताना पैसे कसे न्यावेत? कार्ड, रोख की फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून ठेवायचं कार्ड)?

हॉटेल, मॉल, मोठी दुकानं इथे झिरो मार्कअपचं कार्ड वापरा. मार्कअप म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क. साध्या कार्डावर बँका साधारण 3.5 टक्के मार्कअप लावतात, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे लाखाच्या खर्चावर 4,130 रुपये उगाच गेले. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून ठेवा, नाहीतर बिल देताना कार्ड चालणार नाही.

खरी मेख पुढे आहे. स्वाइप करताना मशीन विचारतं, रुपयांत की बाथमध्ये (थायलंडचं चलन)? रुपयांतला आकडा ओळखीचा असतो, म्हणून बोट तिकडेच जातं. पण तो दर दुकानदाराच्या बँकेने स्वतःचा नफा धरून लावलेला असतो. कायम बाथच निवडा. एटीएमवरही असा प्रश्न आला तर 'कन्व्हर्जन नको' हाच पर्याय दाबा.

थायलंडच्या एटीएमला परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून जास्त बाथ शुल्क पडतं, त्यामुळे हजार-हजार काढत बसू नका. टुकटुक आणि रस्त्यावरच्या खाण्यासाठी रोख लागतेच. त्यासाठी 100 डॉलरच्या कोऱ्या नोटा न्या, छोट्या नोटांना दर कमी मिळतो. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेतल्या घेतल्या पैसे बदलायची जी काउंटर दिसतात ती टाळून तळमजल्याच्याही खाली, रेल्वे लिंकच्या बाजूला जा. तिथे सुपररिचसारख्या पैसे बदलून देणाऱ्यांचे दर बरेच बरे असतात.

फॉरेक्स कार्ड? दर आधीच पक्का करायचा असेल तर घ्या, पण लोडिंगचे आणि उरलेले पैसे परत घेण्याचे शुल्क आधी विचारा.