आजी थांबत का नाही

प्रिय सई,

"न्हाऊ घालताना बाळ एवढं रडतं, तरी आजी थांबत का नाही? तिला दया येत नाही का?" काल तू विचारलंस आणि मला ते लागलं.

मी, मामा, शकूमावशीची मुलं, सगळी वाईच्या न्हाणीघरात अशीच न्हालो. बंबातलं पाणी, पाटावर पाय लांब करून बसलेली पणजी, तिच्या नडग्यांवर पालथं बाळ. ते रडणं माझ्या कानांना इतकं सवयीचं झालंय की तुझा प्रश्न मला नीट ऐकायलाच हवा.

तेलपाण्याला बाळ रडतं ते बहुतेक थंडीने नाहीतर भुकेने. म्हणून दूध पिऊन पाऊण तास झाला की तेल लावायचं. लगेच लावलं तर दूध उलटतं. इथल्या हवेत खोली २४-२५ अंशांवर हवी. खोबरेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करायचं. सुरुवात पायांपासून. पोटावर हात घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवायचा. मोठं आतडं तसंच वळतं, त्यामुळे वायू पुढे सरकतो. टाळूवर तेल नुसतं टेकवायचं, तिथलं हाड भरायला साधारण दीड वर्ष लागतं. पाणी ३७-३८ अंश, कोपराने बघायचं. आजीच्या पंजाला जे कोमट, ते बाळाला कढत. न्हाणं ५-१० मिनिटांत उरकून आधी डोकं पुसायचं, नाहीतर बाळ पटकन गारठतं.

काही गोष्टी मी थांबवल्या. नाकात तेल नाही, ते फुप्फुसात उतरू शकतं. छातीची बोंडं पिळायची नाहीत, धुरी नाही, बेसनाने लव काढणं नाही; ती आपोआप गळते. काजळात शिसं असू शकतं. सहा महिने दुधाशिवाय काही नाही, म्हणून बाळगुटीही दिली नाही. आजीने त्यासाठी तिकडून सहाण आणली होती. ते मला अजून खुपतं.

चोळल्याने हाडं बळकट होतात, असं आजी म्हणते. मी तसं म्हणणार नाही. त्यासाठी आपण ड जीवनसत्त्वाचे थेंब देतो. पण न्हाऊन बाळ कसं गाढ झोपतं, ते तू बघतेसच.

उद्या हवं तर दुपटं धरायला ये. तेलकट बाळ निसटतं, म्हणून आजी त्याची मान मनगटावर टेकवून पलीकडचा दंड काखेपाशी पकडते. ती पकड बघ. नको वाटलं तर नको.

तुझी,
आई