शंका-समाधान : संदर्भसूची दुरुस्तीला परत का येते?

प्रश्न : माझा शोधनिबंध एपीए शैलीत (मजकुरात लेखकाचे नाव आणि साल) होता. तो एका जर्नलने नाकारला. आता दुसरीकडे पाठवायचा आहे, तिथे व्हँकूवर शैली मागतात. ६२ संदर्भ हाताने टाइप केलेले आहेत. निम्म्या संदर्भांना आकडे घालून झाले, तेवढ्यात सरांनी एक परिच्छेद चर्चेतून उचलून प्रस्तावनेत नेला आणि सगळा क्रम विस्कटला. पुन्हा पहिल्यापासून आकडे घालू का?
— पीएच.डी. विद्यार्थिनी, नेरुळ

उत्तर : हाताने मुळीच घालू नका. व्हँकूवरमध्ये मजकुरात जो संदर्भ पहिल्यांदा येतो तो १, त्यापुढचा २, आणि तोच संदर्भ नंतर कितीदाही आला तरी आकडा तोच. त्यामुळे एक परिच्छेद वर सरकला की खालचे बहुतेक आकडे बदलतात. ६२ संदर्भांत हे हाताने बिनचूक होणे कठीण.

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. ते बसले की वर्डमध्ये ‘झोटेरो’ नावाचा टॅब दिसतो. तुमच्या यादीतले डीओआय, म्हणजे लेखांचे कायमचे ऑनलाइन ओळखक्रमांक, गोळा करा. ज्यांचे सापडत नाहीत ते संदर्भ क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या ‘सिंपल टेक्स्ट क्वेरी’ पानावर चिकटवा, बऱ्याच जणांचे डीओआय मिळतील. मग झोटेरोत जादूच्या छडीचे चिन्ह आहे, तिथे डीओआय टाका. एका वेळी अनेक टाकले तरी चालतात. पुस्तकांसाठी तिथेच आयएसबीएन.

यानंतरचे काम बहुतेक जण टाळतात आणि सूची परत येते ती तिथेच. प्रत्येक नोंद उघडून पाहा. शीर्षक पूर्ण मोठ्या लिपीत किंवा प्रत्येक शब्दाला मोठे अक्षर असे आले असेल, तर त्यावर राइट-क्लिक करून ‘सेंटेन्स केस’ करा. विशेषनामे त्यानंतर हाताने नीट करावी लागतात. लेखकांची नावे तर एकेक करून तपासा. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असल्यामुळे कधी वडिलांचे नावच आडनावाच्या चौकटीत जाऊन बसते. संजय वसंत पाटील यांचे एपीएत ‘पाटील, एस. व्ही.’ व्हायला हवे आणि व्हँकूवरमध्ये ‘पाटील एसव्ही’: स्वल्पविराम नाही, टिंबे नाहीत, आद्याक्षरांत जागाही नाही. चौकट चुकली तर दोन्ही शैलींत ते ‘वसंत’ होऊन बसतात, आणि शोधणाऱ्याला तो लेख पाटलांच्या नावावर सापडत नाही.

नोंदी स्वच्छ झाल्या की वर्डमधला हाताने घातलेला प्रत्येक उल्लेख खोडून तिथे ‘ॲड/एडिट सायटेशन’ने तो संदर्भ घाला. एका जागी तीन संदर्भ असतील तर तिन्ही एकाच चौकटीत घ्या. वेगवेगळे घातले तर (३)(४)(५) असे दिसते, एकत्र घातले तर (३-५). शेवटी ‘ॲड/एडिट बिब्लिओग्राफी’ दाबले की सूची तयार. शैली ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मधून बदलते, मात्र बऱ्याच जर्नलांची स्वतःची वेगळी शैली झोटेरोच्या शैलीसंग्रहात असते, ती आधी शोधा. वर्डमधल्या सूचीत हाताने दुरुस्ती करू नका. पुढच्या ‘रिफ्रेश’ला ती पुसली जाते. चूक दिसली की झोटेरोतली नोंद सुधारायची.

व्हँकूवरमध्ये जर्नलचे नाव संक्षिप्त असते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे ‘एन इंग्ल जे मेड’ होते. हे संक्षेप मनाने करू नका, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये मिळतात. पृष्ठेही आखडतात: एपीएतले २८४–२८७ इथे २८४-७ होते.

एक खाच सॉफ्टवेअरलाही कळत नाही. जर्नले तक्ते निबंधाच्या शेवटी मागतात. तक्त्यातल्या संदर्भाचा क्रम मात्र मजकुरात ‘तक्ता १’ हे शब्द जिथे पहिल्यांदा येतात, तिथला धरायचा असतो. झोटेरो फाइलमधली जागा पाहतो, म्हणून शेवटच्या तक्त्यातल्या नव्या संदर्भांना शेवटचे आकडे देतो. तेव्हा लिहिताना तक्ता उल्लेखाच्या लगेच खाली ठेवा. सगळे पक्के झाले की फाइलची प्रत काढा, त्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ करा (आकडे साधा मजकूर होतात, झोटेरो ते पुन्हा बदलत नाही) आणि मग तक्ते शेवटी न्या. मूळ फाइल जपून ठेवा; परीक्षकांच्या सूचना आल्यावर तीच लागणार आहे.

प्रश्न : खाडीकाठच्या मिठागरांवर इंग्रजीत लेख लिहीत आहे. जुन्या मराठी पुस्तकांवर फक्त ‘शके १८२०’ असे छापलेले आहे. साल काय लिहू? आणि मराठी शीर्षकाचे भाषांतर द्यावे का?
— नौपाडा, ठाणे

उत्तर : शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण वर्ष चैत्रात सुरू होते, जानेवारीत नाही. शके १८२० म्हणजे मार्च १८९८च्या सुमारास सुरू होऊन एप्रिल १८९९च्या सुमारास संपणारे वर्ष. मुखपृष्ठाच्या आत किंवा प्रस्तावनेखाली महिना असतो, तो पाहा. चैत्र ते कार्तिक असेल तर १८९८. माघ-फाल्गुन असेल तर ७९ मिळवून १८९९. मार्गशीर्ष आणि पौष दोन्ही सालांत पसरू शकतात, तिथे तिथी असल्यास पंचांग काढावे. महिनाच नसेल तर १८९८–९९ लिहा, उगाच एक साल पक्के करू नका. पुस्तकावर शकाऐवजी ‘संवत्’ असेल तर मिळवायचे नाही, ५७ किंवा ५६ वजा करायचे.

शीर्षकाचे नुसते भाषांतर देऊ नका. तुमचा वाचक ते पुस्तक शोधायला ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेला, तर १८९३पासूनच्या त्या संस्थेत इंग्रजी भाषांतराच्या नावाने त्याला काय मिळणार? एपीए पद्धतीत मूळ शीर्षक रोमन लिपीत तिरप्या अक्षरात येते आणि त्यापुढे चौकटी कंसात सरळ अक्षरात इंग्रजी अर्थ. रोमन लिपी करताना एकच पद्धत धरा: आयएसओ १५९१९ या लिप्यंतराच्या आंतरराष्ट्रीय मानकासारखी खुणांची किंवा साधी. ‘ज्ञ’ एकदा ‘डीएनवाय’ आणि पुढच्या ओळीत ‘जेएन’ असा लिहिला, तर एकच लेखक सूचीत दोन जागी जातो. ‘कै.’, ‘रा. रा.’, ‘प्रा.’ गाळा. ‘पुनर्मुद्रण’ आणि ‘आवृत्ती दुसरी’ एक नव्हेत. पुनर्मुद्रणाला आवृत्तीचा क्रमांक देऊ नका.

तुमच्या विषयात मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाण्यावरचा तेरावा खंड (१८८२) येणारच. त्याचे दोन भाग आहेत, तेव्हा भागाचा क्रमांक लिहा. पुनर्मुद्रित प्रत वापरली असेल तर १८८२ आणि तुमच्या प्रतीचे साल, दोन्ही द्या. जर्नल मूळ देवनागरीही मागत असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधले मराठी त्यांच्या पीडीएफमध्ये अगम्य चिन्हे होऊन उमटते.

प्रश्न : एआयकडून मिळालेल्या यादीतले काही डीओआय भलत्याच लेखावर उघडतात. डीओआय काढून टाकून संदर्भ ठेवला तर चालेल का?
— ऐरोली

उत्तर : नाही. तो लेख बहुधा अस्तित्वातच नाही. लेखाचे पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधा, मग त्या जर्नलच्या संकेतस्थळावर त्या खंड-अंकातल्या त्या पानांवर काय आहे ते पाहा. दोन्हीकडे नसेल तर संदर्भही खोडा आणि त्याच्या आधारे केलेले विधानही; विधान ठेवायचे तर खरा लेख वाचून ठेवा. लेख खरा असला तरी तो मागे घेतलेला नाही ना, हे पाहा. झोटेरो अशा नोंदीवर लाल इशारा दाखवतो.

प्रश्न : ‘एट अल.’मध्ये टिंब कुठे?
— खारघर

उत्तर : ‘एट अल.’ म्हणजे ‘आणि इतर’. टिंब फक्त ‘अल’नंतर, कारण तो लॅटिन शब्दाचा संक्षेप आहे, ‘एट’ पूर्ण शब्द आहे. एपीएच्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच ‘एट अल.’ लिहायचे. सूचीत मात्र २० लेखकांपर्यंत सगळी नावे द्यायची.