सही केलीस, पण मोजलंस कधी?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

क्रिप्टो ठेवायच्या वॉलेटमधले पैसे गेले, असा तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी चहा घेताना पाहिला. आईला सांगू नको म्हणालीस, म्हणून तिला फोन केलेला नाही. पण तिला तूच सांग, आणि लवकर सांग. का, ते खाली येईलच.

आधी तुझ्या वॉलेटचं. तू पाठवलेला वॉलेटचा पत्ता मी इथरस्कॅनवर, म्हणजे ब्लॉकचेन या सामाईक वहीतले व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, उघडून बघितला. ६४० यूएसडीसी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेली डिजिटल नाणी, गेलीत, पण थोडंसं इथर, म्हणजे त्या ब्लॉकचेनचं मूळ चलन, होतं ते जागच्या जागी आहे. तुझ्या ते लक्षातच आलं नाही, आणि सगळं निदान तिथेच आहे. तुझे बारा शब्द, म्हणजे वॉलेटची चावी, चोराच्या हाती लागले असते तर त्याने इथर तुझ्यासाठी कशाला ठेवलं असतं? हे काम माणूस बसून करत नाही, प्रोग्राम करतात, आणि ते तळ खरवडून नेतात. म्हणजे चावी बहुतेक अजून तुझ्याकडेच आहे. तू चोराला दिलीस ती सही.

‘मी फक्त कनेक्ट करून साइन इन केलं, गॅससुद्धा लागला नाही,’ असं तू लिहिलंयस. गॅस म्हणजे व्यवहाराची फी. गफलत झाली ती इथे. यूएसडीसीसारख्या काही टोकनांमध्ये, म्हणजे डिजिटल नाण्यांमध्ये, ‘परमिट’ नावाची सोय असते. अमुक पत्त्याला माझ्या खात्यातून इतके टोकन उचलायला परवानगी आहे, अशा मजकुरावर मालकाने सही करायची. ही सही त्या क्षणी ब्लॉकचेनवर जात नाही, म्हणून फी लागत नाही आणि तुझ्या व्यवहारांच्या यादीतही काही उमटत नाही. पुढे चोर ती सही स्वतःच्या खर्चाने ब्लॉकचेनवर नेतो आणि पैसे ओढून घेतो. फुकट एअरड्रॉप, म्हणजे टोकनांचं वाटप, मिळतोय म्हणून तू ज्या पानावर गेलीस, तिथे तू सही केलेला कोरा चेक देऊन आलीस आणि चेकबुक घरीच आहे म्हणून निर्धास्त झोपलीस. इथर वाचलं, कारण त्यावर या प्रकारची परवानगी देताच येत नाही.

आता त्या पत्त्यावर एक पैही टाकू नकोस. परवानगी अमर्याद रकमेची असेल, तर उद्या तिथे येणारे यूएसडीसीही जातील. इथरस्कॅनवर दिलेल्या परवानग्या पाहायचं आणि रद्द करायचं एक पान आहे. रद्द करायला थोडी फी पडते, उरलेलं इथर त्याच्या कामी येईल. त्या साइटचा पत्ता मात्र स्वतः टाइप कर. शोधल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवू नकोस, कारण परवानगी रद्द करून देतो म्हणणारी बनावट पानंही असतात. आणि एवढं करूनही वॉलेटचा तो पत्ता निवृत्तच कर. तू केलेली आणखी एखादी सही चोराने अजून वापरलीच नसेल, तर ती त्या यादीत दिसणारच नाही. नवं वॉलेट, नवे बारा शब्द, उरलंसुरलं तिकडे हलवायचं, आणि जुन्याला रामराम.

एवढं झालं की बस आणि पुढचं वाच.

१९९४ साली मी सांगली जिल्ह्यातल्या बँकेच्या एका शाखेत जॉइंट कस्टोडियन झाले. तिजोरीच्या दोन चाव्या, एक हेड कॅशियरकडे, एक माझ्याकडे. एकीने तिजोरी उघडत नाही. संध्याकाळी कॅश बंद करताना दोघांनी मोजायचं आणि रजिस्टरमध्ये दोघांनी सही करायची, असा नियम. प्रत्यक्षात हेड कॅशियर आकडा वाचायचे, मी लिहून घ्यायचे, सही करायचे आणि पावणेसहाची एसटी पकडायला धावायचे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नव्हती, आजही नाही. एके दिवशी इन्स्पेक्शनचे साहेब आले. त्यांनी शंभराच्या नोटांचं एक बंडल सोडवलं आणि गड्ड्या मोजायला बसले. एका गड्डीत एक्क्याण्णवच नोटा निघाल्या. कुणी, कधी, काही कळायला मार्ग नव्हता. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी फक्त रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं आणि विचारलं, ‘ही सही तुमचीच ना? मग मोजलंत कधी?’

नऊशेतले साडेचारशे माझ्या पगारातून गेले. त्या काळी ते जाणवण्याइतके होते. पण बाळ, ते वाक्य मला साडेचारशेपेक्षा महाग पडलं.

क्रिप्टोतल्या मोठ्या चोऱ्यांची वर्णनं वाचताना मला तोच प्रश्न ऐकू येतो. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजचं, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराचं बघ. १८ जुलै २०२४ रोजी त्यांच्या एका मल्टिसिग वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. मल्टिसिग म्हणजे आमचीच जॉइंट कस्टडी. तिथे सहा जणांकडे चाव्या होत्या, पाच कंपनीच्या आणि एक बाहेरच्या कस्टडी कंपनीची, आणि व्यवहाराला चार सह्या लागत. चारही झाल्या! वझीरएक्सचंच म्हणणं असं की पडद्यावर दिसत होतं एक आणि सही झाली ती दुसऱ्याच मजकुरावर. ग्राहकांची रक्कम त्यानंतर वर्षाहून जास्त काळ अडकून पडली. पुढे २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या दुसऱ्या एक्स्चेंजवर पाळी आली. ४ लाखांहून जास्त इथर, म्हणजे जवळजवळ १५० कोटी डॉलर. वॉलेटचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या एका डेव्हलपरचा संगणक आधी फोडला गेला होता, तिथून वेबपानाच्या कोडमध्ये फेरफार झाला, आणि सह्या करणाऱ्यांना समोर रोजचाच व्यवहार दिसला. थोड्याच दिवसांत एफबीआयने जाहीर केलं की हे उत्तर कोरियाचं काम. वझीरएक्समागेही उत्तर कोरियाच असल्याचं अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने जानेवारी २०२५ मध्ये मिळून सांगितलं.

एवढ्या सगळ्यात चाव्यांमागचं गणित कुणी फोडलं नाही. बारा शब्दांमागे दोनाचा १२८ वा घात इतक्या शक्यता असतात, त्या चाचपत बसायला कुणाला वेळ आहे? चाव्या असलेल्या माणसांकडूनच तिजोरी उघडून घेतली जाते. तुझ्यासारख्या ६४० डॉलरवालीलाही आणि १५० कोटीवाल्यालाही.

म्हणून हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चावी जपणारं वेगळं छोटं यंत्र, घ्यायचं की नाही या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर थोडं तिरकं आहे. घे, पण कशासाठी ते ओळखून. चावी संगणकात येत नाही हा एक फायदा. दुसरा, मला जास्त वाटणारा, म्हणजे त्याचा तो इवलासा पडदा. लॅपटॉपच्या पडद्याला खोटं बोलायला शिकवता येतं, या छोट्याला शिकवणं फार अवघड. कुणाला, किती, हे तिथे वाचायचं आणि मगच बटण दाबायचं. तिथे नुसती अर्थहीन अक्षरं दिसत असतील आणि यंत्र ‘ब्लाइंड सायनिंग’ चालू करायला सांगत असेल, तर रद्द कर. आंधळी सही या नावातच सगळं आलं, आणखी काय इशारा हवा? यंत्र थेट बनवणाऱ्याकडूनच घे. डब्यात आधीच लिहिलेले बारा शब्द निघाले तर ते चोराचे शब्द आहेत, यंत्र परत कर.

पाठवायचा पत्ता जुन्या व्यवहारातून कॉपी करायची तुझी सवय मोड. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळणारा पत्ता बनवून चोर तुझ्या यादीत एक नगण्य व्यवहार टाकून ठेवतात. मे २०२४ मध्ये एकाने याच फसगतीत ६.८ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम भलत्याला पाठवली. त्याचं नशीब थोर, बहुतेक सगळी परत आली. आपण त्या नशिबावर विसंबायचं नाही.

बारा शब्दांबद्दल मात्र मला तुला उपदेश करायचा फारसा अधिकार नाही. पहिलं वॉलेट केलं तेव्हा मी शब्द छान वळणदार अक्षरात वहीत लिहिले आणि वही हरवली तर काय, म्हणून फोनने फोटो काढला. चाळीस वर्षं बँकेत काढलेली बाई! रात्री अडीचला जाग आली ती या विचाराने की हा फोन सगळे फोटो आपोआप क्लाउडवर चढवतो. उठले, नवं वॉलेट केलं, सगळं हलवलं, आणि तुझ्या काकांनी विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. पुढे मला एक सोबती सापडला. २०१६ मध्ये बिटफायनेक्स या एक्स्चेंजमधून १ लाख १९ हजारांवर बिटकॉइन चोरणाऱ्याने त्यांच्या चाव्यांची फाइल क्लाउडवरच ठेवली होती, कुलूपबंद करून. अमेरिकन तपासयंत्रणांनी ते कुलूप उघडलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ९४ हजारांवर बिटकॉइन जप्त झाले, तेव्हाच्या भावाने ३६० कोटी डॉलरचे. म्हणजे चोराचीही अक्कल आपल्याइतकीच. तेव्हा कागद, पेन आणि क्रमवार शब्द, बस्स. फोटो नाही, स्वतःलाच केलेला मेल नाही, व्हॉट्सॲपवरचा ‘फक्त मी’ ग्रुप नाही. शब्द इंग्रजी असतात, २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले, आणि पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतात. त्यामुळे अक्षर खराब असलं तरी चालेल, क्रम चुकला तर चालणार नाही.

सगळंच एक्स्चेंजवर ठेवू का, असंही तू विचारलंस. हे मलाही नीट सोडवता आलेलं नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसलं काही नाही. सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी असलेलं एक्स्चेंज बघ, पण ती नोंदणी काळा पैसा पांढरा करण्यावर नजर ठेवण्यासाठी असते, तुझे पैसे भरून देण्यासाठी नव्हे. माझं स्वतःचं असं आहे, की खरेदी-विक्रीपुरतं एक्स्चेंजवर, ठेवायचं ते हार्डवेअर वॉलेटवर, आणि नवी नवी पानं उघडून बघायची खाज असेल तर त्यासाठी तिसरं, वेगळे शब्द असलेलं वॉलेट. त्यात हॉटेलात जेवायला जाताना नेतो तेवढेच पैसे. आणि हे सगळं मिळून तुझ्या बचतीचा छोटा तुकडा असू दे. ३०% कर आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा न करू देणारा नियम २०२२ पासून आहेच, म्हणजे सरकारलाही या खेळाचं फार कौतुक नाही.

आता तुला आईला सांग का म्हटलं ते. तू टेलिग्रामवर आपली कर्मकहाणी लिहिलीयस, ती मी वाचली. येत्या दोन-चार दिवसांत कुणीतरी तुला गाठेल. फार गोड बोलेल. पैसे परत आणून देतो म्हणेल, आधी थोडी फी मागेल, नाहीतर ‘पडताळणीसाठी’ बारा शब्द. एकटी, खजील झालेली माणसं या दुसऱ्या चोराला लगेच सापडतात. आई शेजारी बसलेली असली की तोच माणूस किती हास्यास्पद वाटतो बघ. शब्द कुणालाच द्यायचे नाहीत, मदतीला आलेल्यालाही नाही. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीच्या फसवणुकीच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. आरोप असा, की आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो त्यांनी परस्पर स्वतःकडे वळवली.

तक्रार मात्र आजच कर. १९३० ला फोन, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद. त्यात व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक, तुझा पत्ता, चोराचा पत्ता, वेळ आणि त्या पानाचा दुवा दे. पैसे मिळतील असं मी म्हणत नाही. पण चोराने ते एखाद्या एक्स्चेंजवर नेले, तर तिथे गोठवण्याची विनंती करायला पोलिसांकडे कागद लागतो, आणि तो तुझ्या तक्रारीपासून सुरू होतो.

रविवारी दुपारी जेवायलाच ये. लॅपटॉप आण, पण येईपर्यंत ते वॉलेट कुठल्याही पानाला जोडू नकोस. कोरी वही आणि चांगलं पेन माझ्याकडे आहे. नवे बारा शब्द तू जेवणाच्या टेबलावर बसून लिही, तोवर मी आत चहा टाकते. लिहून, ताडून, वही मिटलीस की हाक मार.

तुझी,
मावशी