एका डोळ्याला दीड, दुसऱ्याला सहा : शिवणकाम करणाऱ्या ताईंचा चष्मा

"मॅडम, एका सुईच्या दोन सुया दिसतात. डोक्यात गाठबिठ तर नसेल ना?"

डोळ्यांच्या दवाखान्यात मी चष्म्याचे नंबर तपासते, तिथल्या खुर्चीत नीट बसायच्या आधीच ताईंनी विचारलं. वय ४४, मिरजेच्या बाजूच्या एका गावात ब्लाउज-ड्रेस शिवतात. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील मी बदलले आहेत. बरोबर यजमान आणि नऊ वर्षांची मुलगी होती. पर्समधून त्यांनी दोन चष्मे काढून टेबलावर ठेवले, एक जुना, एक दीड महिन्यापूर्वीचा बायफोकल, म्हणजे वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असलेला. नवा घातला की जिना उतरताना पायरी कुठे संपते ते कळत नाही, मशीनवर बसलं की दहा मिनिटांत मळमळतं आणि दोरा ओवायला गेलं की सुईच्या दोन सुया होतात. ज्या दुकानातून चष्मा घेतला तिथे त्या तीनदा जाऊन आल्या. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "वापरत राहा, सवय होईल."

हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. काही गोष्टींची सवय होते, तशी नव्या फ्रेमची होते, थोड्याशा वाढलेल्या नंबरचीही होते. पण दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत असताना 'सवय होईल' म्हणून माणसाला घरी पाठवलं, की तो दोष स्वतःकडे घेतो. ताईंनीही तेच केलं होतं. "सगळ्यांना बायफोकल जमतो, मलाच कसा जमत नाही?" असं त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

आमच्या डॉक्टरांनी आधी डोळ्यांच्या हालचाली, बाहुल्या आणि थेंब घालून पडदा तपासला. सगळं व्यवस्थित होतं. एक मात्र स्पष्ट सांगते. दुहेरी दिसणं अचानक सुरू झालं, पापणी खाली आली, डोकं जोरात दुखायला लागलं किंवा हातापायात अशक्तपणा वाटला, तर चष्म्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताईंचं तसं काही नव्हतं. त्रास नव्या चष्म्याबरोबर आला होता आणि चष्मा काढला की जात होता.

नंबर मी पुन्हा काढला. उजवा मायनस १.५०, डावा मायनस ६. एकेका डोळ्याने त्या तक्त्यावरची बारीक ओळही वाचत होत्या. म्हणजे दुकानातला नंबर बरोबरच होता. जुन्या चष्म्यात मात्र डाव्या बाजूला साडेतीनच होता. कुणीतरी पूर्वी विचार करून तो मुद्दाम कमी दिला असावा. आता एकदम पूर्ण नंबर आला, त्यात चाळिशीचा जवळचा नंबर आला, आणि दोन्ही मिळून बायफोकल झाला.

गाठीची भीती नुसत्या बोलण्याने जाणारी नव्हती. मी त्यांच्या गळ्यातलीच मापाची टेप मागून घेतली. ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे नंबर तपासायच्या चौकटीत, दूरचा पूर्ण नंबर घातला, समोर हातभर अंतरावर टेप आडवी ताणून धरली आणि म्हटलं, नाकासमोर बघा. एक टेप. मग हनुवटी वर करायला लावली, म्हणजे नजर भिंगाच्या खालच्या भागातून जाईल. "दोन झाल्या! एकीवर एक!" डावा डोळा तळहाताने झाकल्यावर वरची टेप गेली. पुन्हा हनुवटी खाली केली, डोळा उघडला, टेप परत एक. हे त्यांनी स्वतः चार वेळा करून पाहिलं. यजमानांनाही जवळ बोलावून दाखवलं. "म्हणजे हे भिंगाचंच आहे तर," ते म्हणाले, आणि ताईंचे खांदे जरा सैल झाले.

घडतं ते असं. मायनसचं भिंग मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असतं. मध्यातून पाहिलं तर प्रतिमा सरळ येते, मध्यापासून खाली पाहिलं की तेच भिंग प्रिझमसारखं वागतं आणि वस्तू जागेवरून सरकवतं. किती सरकवतं, त्याचा हिशेब प्रेंटिसच्या नियमाने निघतो : मध्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये, गुणिले भिंगाचा नंबर. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर दोन्ही प्रतिमा सारख्याच सरकतात, कुणाला पत्ताही लागत नाही. ताईंच्या दोन डोळ्यांत फरक साडेचारचा. बायफोकलमधून वाचताना नजर मध्याच्या ८ मिलिमीटर तरी खाली जाते. ०.८ गुणिले ४.५ म्हणजे ३.६ प्रिझम (सरकण्याचं हे माप), तेही वर-खाली. आडव्या दिशेला डोळे बरंच सांभाळून घेतात, पण वर-खालीचा फरक एक-दीडच्या पुढे बहुतेकांना झेपत नाही. त्यातून मायनसचं भिंग वस्तू लहान दाखवतं, प्रत्येक नंबरामागे साधारण एक ते दीड टक्का. डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याहून लहान. मेंदूने ही दोन चित्रं एकावर एक बसवायची तरी कशी?

आमच्या आजीच्या पिढीने हे फार सोसलं आहे. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात भिंग बसत नसे, तेव्हा मिळायचा तो बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्या डोळ्याला जग पाव पटीने मोठं दिसायचं आणि दोन डोळ्यांनी मिळून बघणं अशक्य व्हायचं. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिल्यांदा डोळ्याच्या आत भिंग बसवलं, आणि पुढे ते भिंग सगळीकडे पोचल्यावर या त्रासातून माणसं सुटली. आजही एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याला मोठा मायनस नंबर आहे, असे आजोबा "ऑपरेशन बिघडलं" म्हणून घाबरून येतात. तिथेही बहुतेक वेळा हीच तफावत असते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत सोय करावी लागते, एवढंच.

ताईंना मी काय काय पर्याय सांगितले?

यजमानांचा पहिला प्रश्न होता, महागातलं पातळ भिंग घेतलं तर? १.६७ किंवा १.७४ इंडेक्सच्या भिंगाने डावी कड पातळ होईल, चष्मा हलका आणि दिसायला बरा होईल. पण नंबर तोच, म्हणून सरकणंही तेच. चक्कर थांबेल या आशेने त्यावर पैसे घालू नका, असं मी सांगितलं. प्रोग्रेसिव्हचंही, म्हणजे रेघ नसलेल्या, हळूहळू नंबर बदलत जाणाऱ्या भिंगाचंही तसंच, त्यात वाचायला नजर आणखी खाली न्यावी लागते.

दुसरा पर्याय दोन वेगळ्या चष्म्यांचा. दूरचा वेगळा, शिवणाचा वेगळा. शिवणाच्या चष्म्यात भिंगाचा मध्यच खाली घ्यायचा, जिथून नजर जाते तिथे. फ्रेम लहान आणि डोळ्याजवळ बसणारी. वर-खालीचा त्रास बराच जातो, लहान-मोठं दिसणं थोडं उरतं. ज्यांना डोळ्यात काही घालायचं नाही त्यांना मी बहुतेकदा हेच सुचवते. स्लॅब-ऑफ नावाचंही एक काम असतं, त्यात एका भिंगाचा खालचा भाग वेगळा घासून उलटा प्रिझम देतात. भिंगावर आडवी रेघ दिसते, आणि हे काम प्रत्येक लॅब करत नाही. डाव्याचा नंबर पूर्वीसारखा कमी ठेवणं हाही कमीपणा नव्हे. मोठ्या माणसाचा डोळा त्याने आळशी होत नाही, म्हणजे त्याची नजर कायमची कमी होत नाही, फक्त दोन डोळ्यांनी मिळणारा खोलीचा अंदाज काहीसा कमी होतो. नंबर घालवण्याच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टर त्यांच्याशी बोलले, ताईंना सध्या ते नको होतं.

मग मी कॉन्टॅक्ट लेन्सचा विषय काढला. लेन्स बुबुळावरच बसते, डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे नजर कायम तिच्या मध्यातूनच जाते. वर-खालीचा प्रश्नच मिटतो, आकारातला फरकही बहुतेक वेळा कमी होतो. ताई खुर्चीत मागे सरकल्या. "ती मागे जाऊन मेंदूत अडकली तर?" पापणीच्या आतलं नाजूक आवरण मागे वळून डोळ्यालाच जोडलेलं असतं, मागे जायला वाटच नाही, हे कागदावर चित्र काढून दाखवलं.

त्यांच्या कामाचा विचार करून आम्ही डाव्या डोळ्याला पूर्ण नंबरची लेन्स दिलीच नाही. मायनस ४.२५ ची दिली. लेन्स डोळ्यालाच टेकून बसते, म्हणून मायनसमध्ये तिला चष्म्यापेक्षा थोडा कमी नंबर लागतो. म्हणजे लेन्स घातल्यावर डाव्यातही साधारण दीडच नंबर उरतो, उजव्याइतका. दोन्ही डोळे सारखे. आता बाहेर जाताना साधा दीड नंबरचा चष्मा, आणि मशीनवर बसताना चष्मा काढून ठेवायचा. दीडचा मायनस असलेल्या डोळ्यांना हातभर अंतरावरचं उघड्या डोळ्यांनी दिसतं, चाळिशीत हाच नंबर उपयोगी पडतो. बायफोकलची गरजच राहिली नाही.

लेन्स घालायला शिकायला त्यांना तीन फेऱ्या लागल्या. हात साबणाने धुवायचे, मशीनचं तेल आणि कापसाचे तंतू बोटाला राहता कामा नयेत, लेन्सला नळाचं पाणी कधीही लावायचं नाही, रात्री काढून ठेवायची, डोळा लाल झाला किंवा दुखला तर लेन्स काढून थेट दवाखान्यात यायचं. हे मी त्यांच्याकडून पाठ म्हणवून घेतलं. यात हयगय झाली तर बुबुळाला जखम होऊन नजर जाऊ शकते, म्हणून इथे मी कडक असते.

तिसऱ्या फेरीला त्यांनी सुई-दोरा बरोबरच आणला होता. माझ्यासमोर, चष्मा काढून, एका झटक्यात ओवला. "एकच आहे," म्हणाल्या, आणि पुन्हा काढून पुन्हा ओवला.

त्याच दिवशी मी मुलीला खुर्चीत बसवलं. ताई म्हणाल्या, तिला काही त्रास नाही, फळ्यावरचं सगळं दिसतं. अशा मुलांची पंचाईत नेमकी इथेच होते. एक डोळा चांगला असेल तर मूल तक्रारच करत नाही आणि दुसरा डोळा आळशी होऊन बसतो. उजवा डोळा उघडा ठेवून ती भराभर वाचत गेली. तोच डोळा झाकल्यावर मान वाकडी करून माझ्या बोटांच्या फटीतून बघायला लागली. थेंब घालून तपासल्यावर उजवा जवळजवळ शून्य, डावा प्लस ३.२५ निघाला. मुलांना असा फरकाचा चष्मा मोठ्यांपेक्षा खूप सहज झेपतो, म्हणून तिला पूर्ण नंबर दिला. कमी दिसत राहिलं तर पुढे चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावावी लागेल, तेही सांगून ठेवलं.

जाताना ताईंनी विचारलं, पट्टीवर कापड शिवून लावलं तर चालेल का, फुलाफुलांचं. उजेड आत येत नसेल आणि ती बाजूने बघत नसेल तर खुशाल लावा, असं म्हटलं.