टर्की पक्ष्याची शिकार: नवं काय घ्यावं, जुनं काय ठेवावं

अमेरिकेतल्या स्प्रिंग सीझनला, म्हणजे वसंतातल्या टर्कीच्या शिकारीला पहिल्यांदा जाताय, तर दुकानातला लपायचा तंबू आणि नराला भुलवायच्या प्लास्टिकच्या माद्या तूर्त राहू द्या. बॉक्स कॉल घ्या, म्हणजे झाकण घासलं की मादीसारखा आवाज काढणारी लाकडी पेटी. त्याला फळ्याचा खडू लावू नका. त्यातल्या तेला-मेणाने लाकूड गुळगुळीत होतं आणि आवाज घसरतो. कॉलसाठीचा मेणविरहित खडू झाकणाच्या खालच्या बाजूला हलकेच फिरवा. सँडपेपर अजिबात नको. दमट हवेत खडू ओला झाला की कॉल मुका होतो, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. नर जवळ येताना उत्तरं देऊ लागला की हात आवरा. सतत बोलावलं तर तो जागीच पिसारा फुलवून मादीची वाट बघत बसतो.

काडतुसांत मात्र नवं खरंच सरस आहे. जुन्या शिशाच्या छऱ्यांची घनता घन सेंटीमीटरला 11 ग्रॅम, नव्या टंगस्टनच्या छऱ्यांची साधारण 18, त्यामुळे 9 नंबरचे बारीक छरेही खोल जातात. महाग आहेत, पण 40 यार्डांवर कागदावर पॅटर्न, म्हणजे छरे कसे पसरतात ते, तपासल्याशिवाय जंगलात जाऊ नका.

टर्की नराचा पिसारा हातात धरून त्याच्याआड लपून पक्ष्याकडे सरपटत जाण्याची हल्लीची फॅशन टाळाच. दुसरा शिकारी तुमच्यावरच नेम धरेल. काही राज्यांत सरकारी जमिनीवर त्याला बंदीही आहे. खांद्यांहून रुंद झाडाला पाठ टेकून बसा. लाल, पांढरं, निळं काही घालू नका. नराच्या डोक्याचे रंग तेच.