भांडण ड्रमचं, शिक्षा मुलीला

पत्र : माझी मुलगी बारावी सायन्स 68 टक्क्यांनी पास झाली. नीटमध्ये खूपच कमी पडली, म्हणून पुन्हा बसवणार आहे. पण तिचं सगळं लक्ष चर्चच्या तरुण संघात. गिटार वाजवते, ड्रम लावून हिंदी-इंग्लिश गाणी बसवते. मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर आहे. आमच्याकडे तीन पिढ्या 'उपासनासंगीत' या गीतांच्या पुस्तकातली गीतं ऑर्गनवर म्हटली जातात. या ड्रमवरून मंडळीत दोन तट पडलेत आणि लोक मला माझ्या मुलीवरून बोलतात. देवाच्या घरात कुठलं संगीत शोभतं ते तिला समजावून सांगा. संगीतात करिअर नसतं हेही सांगा. परीक्षा होईपर्यंत गिटार मी कुलपात ठेवली आहे.
— एक पालक, अहिल्यानगर जिल्हा

*(पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात : "मला संगीतात करिअर करायचंय असं मी कधीच म्हटलेलं नाही. रविवारी वाजवू द्या, एवढंच म्हणते.")*

उत्तर :

सप्रेम सलाम.

तुम्ही ज्या करिअरला विरोध करताय ते तुमच्या मुलीनं मागितलेलंच नाही. तिच्या त्या दोन ओळी तुम्ही पोस्टात टाकण्याआधी वाचल्या होत्या का? वाचल्या असतील तर मला पत्र लिहिण्याचं कारण उरत नाही. वाचल्या नसतील, तर तुमच्या घरात मार्कांपेक्षा मोठी अडचण आहे.

तुमच्या पत्रात नीटला जेमतेम एक वाक्य आहे. बाकी बहुतेक पत्र मंडळीबद्दल आहे. तट कसे पडले, लोक तुम्हाला काय बोलतात, देवाच्या घरात काय शोभतं. मला यातून दिसतं ते असं की मंडळीतलं भांडण तुम्ही घरी आणलंत आणि ते मुलीच्या ॲडमिशनवर काढताय. गिटार कुलपात गेली ती अभ्यासासाठी नव्हे. अभ्यासासाठी असती तर मोबाइलही गेला असता, आणि त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखसुद्धा नाही. अठरा वर्षांच्या मुलीला हा फरक बरोबर कळतो. त्यातही तुम्ही मनाईला देवाचं नाव जोडलंत, ते मला सर्वांत जास्त खटकलं. बापाच्या रागाशी मूल वाद घालू शकतं. देवाच्या नावाशी कसा घालणार? अशा घरातली मुलं पुढे करिअर बापाच्या मनासारखं करतात आणि चर्चला जायचं सोडून देतात, हे मी पाहिलं आहे.

आता शोभतं काय आणि काय नाही याबद्दल. ऑर्गन पवित्र आणि ड्रम ऐहिक, हा समज आधी बाजूला ठेवा. 1527 साली झुरिकच्या मुख्य चर्चमधला ऑर्गन मोडून काढला तो धर्मसुधारकांनीच, उपासनेत त्याचं काम नाही म्हणून. त्यांचा पुढारी झ्विंगली स्वतः उत्तम वादक होता, तरीही. दुसरा धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याच्या जिनिव्हात स्तोत्रं वाद्यांशिवाय म्हणत. म्हणजे तुमच्याच प्रॉटेस्टंट परंपरेत ऑर्गन एकेकाळी आरोपीच्या पिंजऱ्यात होता. कॅथलिकांकडे पोप दहावे पायस यांनी 1903 मध्ये चर्चमध्ये पियानो वाजवायला मनाई केली, ड्रम आणि झांजांसोबत. साठ वर्षांनी, 1963 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांना आणि त्या त्या देशाच्या संगीताला दार उघडलं. आपल्याकडची गोष्ट आणखी जवळची आहे. तुमच्या मंडळीतला तो पायानं भाता मारायचा ऑर्गन, त्याच जातीचा ऑर्गन गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत होता. शनिवारी रात्री नाटकात आणि रविवारी सकाळी उपासनेत एकच वाद्य वाजलं म्हणून कुणाची भक्ती बाटली नाही. आणि बायबलमधलं 150 वं स्तोत्र उघडून बघा. शिंग, डफ, तंतुवाद्यं, झांजा, नृत्य, सगळं त्यात आहे.

तुमच्या जिल्ह्याला तर हे सांगायची गरजच पडू नये. मराठी मंडळ्या आधी बरीचशी गीतं भाषांतरं करून विलायती चालींवर म्हणत. ख्रिस्ती कवी कृष्णराव सांगळे यांनी देशी वळणाची पदं आणि कीर्तनं आणली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तुकोबांच्या वळणाचे अभंग ख्रिस्ताला वाहिले. त्यांचं कितीतरी आयुष्य नगर आणि राहुरीत गेलं. त्याच्याही आधी, 1616 मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं होतं. टिळकांची जी गीतं तुम्हाला आज आजोबांची ठेव वाटतात, ती एकेकाळी नवी होती आणि हिंदूंच्या भजनाच्या वळणाची होती. तरी मंडळीनं ती आपली केली, कारण ती सगळ्यांना म्हणता येत होती.

मी ज्या कसोटीवर बोलते ती हीच. गाणं मंडळीचं आहे की गाणाऱ्याचं? संत ऑगस्टीनसुद्धा आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनात कबूल करतो की कधी कधी शब्दांपेक्षा गाण्यानंच आपण जास्त हलतो आणि तसं झालं की आपण चुकलो असं त्याला वाटतं. ही भीती खरी आहे, आणि तुमच्या बोलण्यातला तेवढा भाग मला पूर्ण मान्य आहे. पण तो धोका ड्रमला आहे तसाच ऑर्गनलाही आहे, आणि चार आवाजांत बसवलेल्या कॉयरलाही.

त्यामुळे आता तुझ्याशी बोलते, बेटा. तुझी बाजू मी घेतली म्हणून तुझं सगळं बरोबर आहे असं समजू नकोस. यूट्यूबवरची गाणी तुम्ही त्याच पट्टीत उचलता, बरोबर ना? ती पट्टी रेकॉर्डिंग करणाऱ्या गायकाच्या गळ्याची असते. शेवटी तो एकदम वरच्या सप्तकात जातो. त्या जागी तुमच्या मंडळीतल्या बायका थांबतात आणि पुरुष खाली पुटपुटतात. स्टेजवर मॉनिटरमुळे, म्हणजे तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवणाऱ्या स्पीकरमुळे, तुम्हाला ते ऐकूच येत नाही. पुढच्या सरावाला गाणं दोन-तीन स्वर खाली घे. तुझ्या गळ्याला ते कमी चमकदार वाटेल, वाटू दे. मग उपासनेत एका कडव्याला सगळी वाद्यं बंद करायला सांग आणि फक्त ऐक. माणसांचा आवाज भरून राहिला तर गाणं बसलं. फक्त तुझाच आवाज उरला तर ते गाणं उपासनेत नको, तरुण संघाच्या संध्याकाळी म्हणा. आणि पत्र्याच्या छताखाली पूर्ण ड्रम सेट काठ्यांनी वाजवणं हा म्हाताऱ्या माणसांवर अन्याय आहे. ब्रश घ्या, नाहीतर ढोलकी किंवा काहोन (हातानं वाजवायची लाकडी पेटी). प्रभुभोजनाच्या विधीच्या वेळी तर तेही नको.

शब्दही बघ. एकच ओळ आठ-दहा वेळा म्हणण्यात वाईट काही नाही, वारकरीही तेच करतात. पण ती ओळ तेवढं ओझं पेलणारी हवी. बऱ्याच नव्या गाण्यांत 'मी' आणि 'मला' एवढंच सापडतं. दुःख, मरण, पाप, शेजारी यांतलं काहीच त्यांत नसतं. तुझ्या वडिलांच्या पुस्तकात हे सगळं आहे. त्यातले टिळकांचे दोन अभंग घेऊन गिटार आणि तबल्यावर बसव. चाल बदलू नकोस. ऑर्गन वाजवणारे जे गृहस्थ असतील त्यांच्याकडे स्वतः जा आणि त्यांच्याकडूनच ती चाल शिकून घे. तुमच्या मंडळीतले दोन तट जुळायचे तर अशाच कामातून जुळतील. कमिटीच्या ठरावानं कुठल्याच मंडळीचा सूर लागलेला नाही.

करिअरचं थोडक्यात. दादा, तुम्ही म्हणता त्यातलं एक खरं आहे. आपल्याकडच्या बहुतेक मराठी मंडळ्यांत वादकासाठी पगारी जागा नसते. ज्याला संगीतच करायचं आहे त्यानं पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र पाहावं किंवा शिक्षकी पेशाची तयारी ठेवावी. पण तुमच्या मुलीला ते करायचंच नाही, तेव्हा हा विषय इथंच संपला. तिला आवड नीट जोपासायची असेल तर कॉलेज सांभाळून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देता येतात, त्या वर्षातून दोनदा होतात. वेस्टर्न बाजूला लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा आहेत. चार कॉर्डच्या पुढे जायचं असेल तर यातलं एक तिनं जरूर करावं.

पुन्हा नीट द्यायची ती तिला द्यायची असेल तरच. बापाच्या इच्छेवर वर्षभर अभ्यास होत नाही. नर्सिंग, लॅब टेक्नॉलॉजी, फार्मसी, साधं बी.एस्सी., हे सगळे रस्ते 68 टक्क्यांनाही उघडे आहेत, काहींना वेगळी प्रवेश परीक्षा लागते एवढंच, आणि त्यांतला एकही कमी प्रतीचा नाही. तिला यातलं काय हवंय, हे तुमच्या पत्रात कुठेच लिहिलेलं नाही.

गिटार या आठवड्यात बाहेर काढा. किती वाजवायचं हे दोघं मिळून ठरवा, मला आठवड्याला दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ पुरेशी वाटते. कमिटीत ड्रमचा विषय निघाला तर तुम्ही त्या चर्चेतून बाजूला व्हा आणि पाळकसाहेबांना ठरवू द्या. तुमची मुलगी त्यात असताना तुम्ही मत देणं बरं दिसत नाही. आणि ॲडमिशनबद्दल काही विचारायचं असेल तर मला पुढचं पत्र तिनं लिहावं. तुम्ही ते न वाचता पोस्टात टाका.